हात पोचतो तिथवर

९ जुलै

वहिनी,

पत्राच्या सुरुवातीला घालायचे नमस्कार आपल्याकडे इतक्या प्रकारचे आहेत, की ते सगळे घातले तर मजकुराला जागा उरत नाही. तेव्हा सगळ्यांचा मिळून एकच नमस्कार, वाकून केलेला, असं समजा.

तुम्ही लेकीकडे गेल्याला तीन महिने झाले. मध्यंतरी तुमचं एक कार्ड आलं. त्यात एकच शब्द होता, ‘पोचले’. पाठशाळेत आम्हाला सूत्रं पाठ करायला लावायचे, त्यांतसुद्धा एवढी काटकसर नव्हती.

इकडचं वर्तमान. दादाने घेतलेलं शेवटचं काम, म्हणजे चर्चची मोठी वेदी, मी खालून अर्धी पुरी केली. पिळाचे दोन्ही खांब झाले, त्यांच्यावरच्या द्राक्षवेली झाल्या, मधल्या पवित्र पेटीचं दारही बसलं. गव्हाच्या ओंब्या कोरताना पटाशी दोनदा बोटात गेली. दादा असता तर म्हणाला असता, “पंडित, लाकूड समोर आहे. बोट कशाला कोरतोस?” अजूनही मी कामाला बसतो तो माझ्याच बाकावर, त्याच्या बाकाकडे तोंड करून. त्याच्या बाकावर मी काही ठेवत नाही. सरसाचं भांडंसुद्धा नाही.

अडलं आहे ते वरच्या अर्ध्यापाशी. कमान, तीन कोनाडे, पंखवाली सहा मुंडकी आणि सर्वांत वर सूर्यकिरणं. यातलं नेमकं काय किती उंचीवर येतं, हे दादाच्या गजावर असणार. तुम्हाला ठाऊकच आहे, तो प्रत्येक वेदीसाठी सात फुटांची पट्टी नव्याने आखायचा आणि वेदीतल्या एकूण एक उंचीची खूण तिच्यावर करायचा. एका बाजूला खालचे सात फूट, दुसऱ्या बाजूला वरचे. ही पट्टी मला सापडत नाही. कारखाना पालथा घातला. माळ्यावर चढलो, तिथे माझी पाठशाळेतली पंचा-धोतरं निघाली आणि एक मेलेली पाल. तुमच्या सामानात चुकून तर आली नाही ना?

फादर परवा येऊन गेले. माणूस भला आहे, पण हातात पुस्तक घेऊन आले. “पंडितजी, जुन्या वेदीला वाळवी लागली, ती आम्ही काढली. मागची भिंत उघडी आहे. नोव्हेंबरअखेर तुमची उभी राहिली तर आनंदच आहे. नाहीतर…” असं म्हणून पुस्तक पुढे सरकवलं. पानोपानी तयार वेद्या, प्लास्टरच्या. एकीत तर दिवे लागतात, विझतात, परत लागतात.

दादाच्या शेवटच्या वेदीची जागा ती घेणार असेल, तर मी काय करेन ते मला सांगता येत नाही. गजाचं तेवढं बघा.

तुमचा,
पंडित

२२ जुलै

भावजी,

तुमचं पत्र लेकीने वाचलं, मग जावयाने, मग मी. या घरात पत्र येतच नाही कुणाचं, त्यामुळे तिघांनाही काम मिळालं.

मी बरी आहे. नववा मजला आहे. बाहेर गॅलरी आहे म्हणतात, मी अजून पाहिली नाही. लिफ्टमध्ये डोळे मिटून घेते. जावयाला वाटतं, आई प्रार्थना करतात. त्यामुळे त्याच्या मनात माझ्याबद्दल आदर वाढलाय, तर वाढू दे. सकाळी दोघं कामावर गेली की दार लागल्याचा आवाज येतो, तो संध्याकाळपर्यंत कानात राहतो. घर लख्ख आहे. पुसायला गेलं तर फडकंच मळकं वाटतं.

गज माझ्याकडे नाही. मी आणलं काय, तर चार साड्या, ह्यांचा चष्मा आणि माझी वर्खाची पेटी. पेटी उघडत नाही. इथे सोनं लावायचं कशाला, भिंतीवरच्या टीव्हीला?

पण मला कळेना, तुम्हाला गज हवाच कशाला? कारखान्याच्या मागच्या भिंतीवर अख्खी वेदी काढून ठेवलीय ह्यांनी, खऱ्या मापात. अकरा दिवस घोडीवर चढून कोळशाने काढत होते, मी खाली उभी राहून घोडी धरत होते. भिंतीवरून माप घ्या. एवढं संस्कृत शिकलेल्या माणसाला समोरची भिंत दिसू नये?

बोटाला हळद लावा.

वहिनी

३० जुलै

वहिनी,

भिंत दिसते. तिला ओल आली आहे. रेघा पुसट झाल्या आहेत, म्हणून म्हटलं, गज असता तर पडताळून घेता आलं असतं. एवढंच.

गज नाही तर नाही. मी स्वतःच्या अकलेने वरचा भाग योजायला घेतला. आमच्या शिल्पशास्त्रात मूर्तीची उंची चेहऱ्याच्या नऊपट धरतात. मोठ्या उमेदीने बसलो, तर लक्षात आलं की दादाच्या देवदूतांना धडच नाही. डोकं, आणि हनुवटीखाली लगेच पंख. नऊपट घ्यायचं ते कशाच्या? तरी एक मुंडकं कोरलं. फादरांना दाखवलं. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “याला मी कुठेतरी पाहिलंय.” मीही पाहिलं होतं. खिडकीपलीकडे बसून ‘उद्या या’ म्हणणारा जो कारकून असतो, तो हा. पंख लावल्याने स्वभावात काही फरक पडलेला नाही.

ते मुंडकं मी माझ्या बाकावर ठेवलं आहे. जेवताना समोर बसतं. निदान कुणीतरी बसतं.

लाकूड चांगलं मुरलेलं आहे, त्याची काळजी नाही. दादा सांगायचा ते आठवतं, “लाकूड रुंदीत आटतं, लांबीत नाही. उंची एकदा धरलीस की धरलीस.” पण ती धरायची कुठे?

गॅलरी पाहून घ्या एकदा. नववा मजला काही रोज मिळत नाही.

पंडित

१ सप्टेंबर

वहिनी,

महिना झाला, तुमचं उत्तर नाही. पत्र हरवलं असं स्वतःला सांगून पाहिलं. पण माणसाला स्वतःशी खोटं बोलता येत नाही. दुसऱ्याशी मात्र येतं, हे मी मागच्या पत्रात सिद्ध केलं आहे. ते मागे घेतो.

भिंतीला ओल आलेली नाही. भिंतीला मी चुना दिला.

तुम्ही गेल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात. कारण सांगतो, त्याला समर्थन समजू नका. मी सकाळी कारखान्याचं दार उघडायचो आणि दादा माझ्याआधी येऊन कामाला लागलेला असायचा. समोर अख्खी वेदी, कोळशाची. ठिकठिकाणी त्याने अंगठ्याने पुसून केलेल्या सावल्या. डाव्या खांबाजवळ, तोल सावरायला टेकलेला अख्खा पंजा, पाचही बोटं. मी त्या पंजाकडे पाठ करून काम करायचो तर पाठीला तो कळायचा. एका रविवारी चुन्याची बादली आणली आणि दोन हात मारले. तिसरा मारायला चुना उरला नाही.

संध्याकाळी भिंत वाळून पांढरी झाली आणि तेव्हा मला समजलं की मी काय पुसलं. इतकी वर्षं वेद्या करणाऱ्या घरात जन्मलेल्या माणसाने वेदीचा एकुलता एक आराखडा स्वतःच्या हाताने पुसला. दुसऱ्या दिवशी पाणी मारून पाहिलं, पावाचा गर घासून पाहिला. राखाडी फराटा तेवढा आला.

तुम्ही घोडी धरून अकरा दिवस उभ्या होतात, हे तुमच्या पत्रात वाचलं आणि पुढचं वाचवलं नाही. कारकुनाला मी सरसाच्या भांड्यामागे ठेवून दिलं.

खालच्या अर्ध्याची मापं दादाने लाकडावर आधीच उतरवून ठेवली होती; वरच्यासाठी आता गज नाही आणि भिंतही नाही. फादरांना मी काही बोललो नाही. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं म्हणून सांगितलं.

पंडित

९ सप्टेंबर

भावजी,

पत्र वाचून मी ते पलंगावर टाकलं आणि गॅलरीत गेले. कठड्यापाशी जाऊन पोचल्यावर कळलं आपण कुठे आलोय. तिथेच खाली बसले. लेक संध्याकाळी आली तेव्हा मी गॅलरीच्या फरशीवर भिंतीला पाठ लावून. “आई, इथे काय करतेस?” म्हटलं, “तुझ्या काकांवर रागावलेय.” “मग इथे कशाला?” “उठता येईना.”

तिने हात धरून आत आणलं.

राग आला, तो लिहून ठेवते, नाहीतर तुम्हाला वाटेल आला नाही. ह्यांचा पंजा होता तिथे. मला ठाऊक होता. निघायच्या दिवशी तुम्ही बाजारात गेला होतात तेव्हा मी त्यावर माझा हात ठेवून आले होते.

पण मी तुम्हाला काय बोलू? गज माझ्याकडे आहे.

दाराच्या मागे उभा आहे. पहिल्या दिवसापासून. जावई त्याने पंख्याची जळमटं काढू का विचारत होता. लेक म्हणते, “आई, ही काठी टाकून दे, मी तुला चांगली आणून देते.” तिला कसं सांगायचं.

का आणला, तेही सांगते. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. वेदी उभी राहिली की गजावर रंधा मारायचा, कोरा करायचा आणि पुढच्या वेदीला तोच वापरायचा. ह्यांनी मामंजींच्या गजावरही मारला होता, मी समोर होते. खुणा साल होऊन खाली पडल्या आणि मी त्या झाडून चुलीत घातल्या. मनात आलं, वेदी पुरी झाली की तुम्ही हेच करणार. आणि वेदी अर्धी आहे तोवर ह्यांचं काम चालू आहे. काम टाकून कुणी जात नाही. आपलं वेडं मन.

फादरांचं ते पुस्तक माझ्या ध्यानात नव्हतं असं नाही. तरी ‘नाही’ लिहिलं.

आणखी एक. मी गेले ती लेकीच्या आग्रहाने नाही. तुम्ही ‘राहा’ म्हणाला नाहीत. इतकं शिकलात भावजी, पण दोन अक्षरं तोंडातून निघाली नाहीत.

गज पाठवला तर रंधा माराल का, तेवढं कळवा.

वहिनी

१४ सप्टेंबर

वहिनी,

तुम्ही सांगेपर्यंत रंधा लागणार नाही. न सांगितलंत तर कधीच नाही. रीत पाळणारा आता मी एकटाच उरलो आहे, त्यामुळे मोडायलाही कुणाला विचारायला नको.

दोन अक्षरांबद्दल. मला वाटलं, मी म्हणायचा काय अधिकार? भाऊ गेलेल्या घरात दिराने वहिनीला ‘राहा’ म्हणावं, म्हणजे आमची चूल पेटती ठेवा असा अर्थ निघतो. तुम्ही आयुष्यभर आमच्या चुली पेटवल्या. म्हणून गप्प बसलो आणि बाजारात गेलो. काही आणायचं नव्हतं. परत आलो तेव्हा हातात एक भोपळा होता, तो पुढे आठवडाभर मी एकट्याने खाल्ला.

गज पाठवा. नाही पाठवलात तरी मी रागावणार नाही, पण पाठवा.

पंडित

२६ सप्टेंबर

भावजी,

गज निघाला.

कुरिअरवाल्याने हात वर केले. सात फुटांचं काही चालत नाही म्हणाला. जावई म्हणाला, “आई, मधोमध कापू या, तिकडे काका चिकटवतील, सुतारच आहेत ना.” मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानंतर तो दोन दिवस माझ्याशी फार गोड वागला.

शेवटी खाली पडद्यांचं दुकान आहे, त्यांचा टेम्पो तुमच्या बाजूला जातो. पडद्यांच्या दांड्यांच्या मोळीत मध्ये बांधून दिला. माझी एक जुनी साडी गुंडाळली आहे, ती धुऊन ठेवा. ड्रायव्हरला तीनदा बजावलं. तो म्हणाला, “आजी, सोन्याची आहे का?” म्हटलं, “नाही रे, लाकडाची आहे, म्हणून तर.”

दार आता नुसतं दार आहे. सकाळी ढकललं तर भिंतीपर्यंत गेलं. एवढे दिवस मध्येच थांबायचं.

पोचला की लिहा. ‘पोचला’ एवढं लिहिलंत तरी चालेल.

वहिनी

१९ ऑक्टोबर

वहिनी,

पोचला.

आणि आता एवढ्यावर थांबत नाही, कारण जे घडलं ते तुम्हाला सांगायलाच हवं. बसून वाचा. गॅलरीत नको.

गज उलगडला. दादाच्या सगळ्या खुणा जिथल्या तिथे. कंगोऱ्याला दोन रेघा, कोनाड्याला चौकोन, मुंडक्यांना टिकली आणि बाजूला दोन बारीक पंख. त्या दिवशीच कामाला लागलो. कमान चढली, तीन कोनाडे झाले, पाच मुंडकी झाली. सहावं म्हणून कारकुनालाच घेतलं आहे. गाल थोडे फुगवले, आता ‘उद्या या’ जरा प्रेमाने म्हणतो.

पण गजाच्या खालच्या सात फुटांच्या बाजूवर, चार हात आणि दोन बोटांच्या उंचीला, एक खूण अशी आहे की तिथे वेदीत काहीच येत नाही. ना सांधा, ना कंगोरा. खांबाच्या पिळाच्या अधेमधे कुठेतरी. आणि ती कोळशाची नाही. मुगाएवढं सोनं आहे, घोटून चकचकीत केलेलं. पहिल्यांदा वाटलं, वर्खाचा कण उडून चिकटला असेल. आमच्याकडे याला घुणाक्षरन्याय म्हणतात. किडा लाकूड खात जातो, त्याने कोरलेलं एखादं अक्षर दिसतं, पण किड्याला काही लिहायचं नसतं. मग पाहिलं तर सोन्याखाली लाल मातीचा हात होता. किडा लाल माती लावून मग सोनं लावत नाही.

दोन दिवस मी त्या ठिपक्याशी भांडलो. तिसऱ्या दिवशी गज खांद्यावर टाकून टेकडीवरच्या जुन्या चर्चमध्ये गेलो. तिथली वेदी दादाची, वीस वर्षांपूर्वीची. तुम्हाला आठवत असेल, खाली सोनं आणि वर नुसता रंग. वेदीपुढच्या सर्वांत वरच्या पायरीवर गज उभा केला. सोनं जिथे संपतं, तिथे ठिपका आला. नेमका. मग दवाखान्याच्या प्रार्थनाघरात गेलो. तिथेही तेच. रुग्ण उठून पाहायला लागले की हा माणूस काठी घेऊन वेदीचं काय मोजतोय.

आपल्या वेद्यांवर वर सोनं का नाही, हे मी दादाला विचारलं होतं. मला म्हणाला होता, “वर्ख पुरला नाही.” फादरांना त्याने सांगितलं होतं, “वर देव राहतो, त्याला सोन्याचं काय कौतुक?” फादर ते प्रवचनात वापरतात. तुम्हाला काय सांगितलं होतं, कोण जाणे. एकाच गोष्टीची तीन माणसांना तीन कारणं, म्हणजे चौथं कारण खरं.

इतर कारखान्यांत तुकडे बाकावर ठेवून सोनं चढवतात आणि मग वेदी उभी करतात. आपल्याकडे तसं कधीच झालं नाही. हट्ट तुमचा. ज्या उजेडात वेदी राहणार, त्या उजेडातच सोनं लावीन, म्हणायचात. उभ्या वेदीला सोनं लावायचं म्हणजे घोडीवर चढणं आलं. आणि घोडीवर तुम्ही एकदाही वरपर्यंत चढला नाहीत. दुसऱ्या पायरीला तुमचे पाय लटपटायचे, मी हसायचो.

वहिनी, ती तुमच्या हाताची उंची आहे. वरच्या पायरीवर उभं राहून, टाचा न उचलता, तुमचा हात पोचतो तिथवर. दादाने सगळं आयुष्य सोनं तिथे थांबवलं आणि रंगाची घोडी स्वतः चढला.

लोक त्याला सोन्याचा चिकट म्हणत. लोकांत मीही होतो.

पंडित

२८ ऑक्टोबर

भावजी,

मला म्हणाले होते, “वर सोनं लावलं की माणसाची नजर खाली येत नाही, तिथेच अडकते.” मी ते खरं धरलं. शहाणपणाचं वाटलं होतं.

तुमचं पत्र मी कुणाला वाचायला दिलं नाही.

आठवलं ते सांगते. लग्नाला वर्ष झालं नसेल. कारखान्यात मी सरस ढवळत होते. हे म्हणाले, “ती बघ चौकटीवर कोळिष्टकं, काढ जरा.” मी हात वर केला. “आणखी वर.” केला. “टाचा नको उचलूस.” मी म्हटलं, “टाचा उचलल्या तर तुमचं काय जातं? दिसत तर नाहीत कोळिष्टकं.” म्हणाले, “गेली वाटतं,” आणि पेन्सिल कानावर अडकवून निघून गेले. एवढंच. मला वाटायचं, ह्या माणसाला कोळिष्टकंसुद्धा धड दिसत नाहीत.

तीस वर्षं मला वाटलं, वेदी तेवढीच सोन्याची असते. माझ्या भीतीच्या मापाची असते हे मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी घोडी चढले असते. म्हणूनच सांगितलं नसावं.

रंधा मारा. माझी हरकत नाही आता. ठिपका तेवढा ठेवा.

पेटी उघडली काल. सोनं घोटायचा अकीक आहे तसा आहे. चपटा कुंचला गालावर फिरवून पाहिला, वर्ख उचलायला गालाचं तेल लागतं ना त्याला. केस वाळलेत कुंचल्याचे. गालही.

वहिनी

३ डिसेंबर

वहिनी,

वेदी उभी राहिली. नोव्हेंबरच्या एकोणतीस तारखेला. फादरांनी ते पुस्तक माझ्यासमोर कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं. कुलूप जरा नाटकी होतं, पण मला आवडलं.

सहा माणसांनी दोर लावून वरचा भाग चढवला. कमान खांबांवर बसताना एक आवाज झाला, बारीक, जेवून पाट मागे सरकवल्यासारखा. मग सगळे चहाला गेले. मी पहिल्या रांगेतल्या बाकावर बसलो. बाजूची जागा मोकळी होती. मी म्हटलं, “झाली रे.” चर्च मोठं आहे, ‘रे’ परत आला.

वरचा भाग मी दादाच्या रंगांत रंगवला आहे. निळा, हिरवा आणि थोडा तांबडा. घोडीवर माझेही पाय लटपटतात, हे या वयात कळलं. हसायला खाली कुणी नव्हतं.

खालच्या भागाला खडूचे आठ हात झाले, घासून झाले, लाल मातीचे चार हात झाले. ठिपक्याच्या उंचीवर रेघ मारून तिथे थांबलो. सोनं लावलेलं नाही. द्राक्षवेलीच्या एका पानावर करून पाहिलं. मातीवर श्वास सोडला, वर्ख ठेवला, तो सुरकुतला आणि सोलून आला. तुमचा श्वास कसा बसायचा तो मी इतकी वर्षं पाहिला आहे. ओठ नुसते उघडायचात, जणू काही सांगायचं होतं आणि राहून गेलं. मी फुंकर मारतो. श्वास आणि फुंकर यांतला भेद कुठल्याही शास्त्रात सांगितलेला नाही.

फादरांनी विचारलं, “पंडितजी, ही लाल का?” म्हटलं, “आमच्याकडे सोनं जागेवर लावतात.” “कोण लावतं?” म्हटलं, “कळवतो.”

गजावर काल रंधा मारला. एकेक खूण गेली, ठिपका ठेवला. सोबत निघालेली एक साल पाठवतो आहे, कागदाइतकी पातळ. तिच्यावर अर्धा कोनाडा आणि एक पंख आहे. बाकीच्या साली चुलीत घातलेल्या नाहीत. तुमच्या साडीत बांधून ठेवल्या आहेत. साडी धुतली आहे.

कारखान्यातली भिंत अजून पांढरीच आहे. दादाच्या बाकाची धूळ झाडली आणि त्यावर तुमच्या पेटीपुरती जागा मोजून ठेवली. चर्चमध्ये वेदीला तीन पायऱ्या आहेत, रुंद, कठडा नाही. घोडी लागणार नाही.

मागे दोन अक्षरं राहिली होती. आता एकाच अक्षरात सांगतो, सूत्रांचा अभ्यास वाया जायला नको.

या.

पंडित

११ डिसेंबर

भावजी,

साल पोचली. चष्म्याच्या डबीत ठेवली आहे.

काल लेकीला म्हटलं, मला दारापाशी उभी कर, हात वर करते, कुठवर पोचतो त्याची खूण कर. ती म्हणाली, “आई, काय चाललंय?” म्हटलं, “कोळिष्टकं बघतेय.” तिने खूण केली, जावयाने टेपने मोजली. दोनदा मोजायला लावली.

तुमची रेघ दोन बोटं खाली घ्या. वरच्या दोन बोटांना रंग द्या. गजावरचा ठिपकाही खाली यायला हवा, पण तो मी आल्यावर सरकवीन, तुम्ही हात लावू नका.

लाकूड लांबीत आटत नाही म्हणतात. माणूस आटतो.

वहिनी